पाकिटातले पाच प्रोटॉन

सोमवार, ११ मार्च
चिठ्ठ्या उचलल्या. फुलीची चिठ्ठी नेमकी माझ्याच हातात! म्हणजे या वेळी खोटे प्रोटॉन टाकायचं पाप माझ्या माथी. प्रयोगशाळेतल्या आमच्या गटाची रीतच आहे — एकाने मोजणीत गुपचूप बनावट नोंदी मिसळायच्या, त्यांची यादी पाकिटात बंद करायची, पाकीट शेवटी फोडायचं. आस लागली की माणसाला नसलेलंही दिसतं, म्हणून. नियम आमच्या गटप्रमुख सरांनीच केलाय. भोगा.

मंगळवार, १२ मार्च
टाकले. पाच.

गुरुवार, १४ मार्च
एकोणीस वर्षं सर या एकाच अणुकेंद्रकाच्या मागे आहेत. पोटात प्रोटॉन फार झाले की ते एखादा बाहेर थुंकतं, असं गणित म्हणतं. केंद्रक काही थुंकत नाही. महिनाअखेर सर निवृत्त, मशीन दुसऱ्या गटाला. आता नाही तर कधीच नाही.

मशीनमधली हवा काढणारा पंपवाला दिवसभर गळती शोधत होता. "मॅडम, निर्वात म्हणजे काहीच नसणं. तेवढंही तुम्हाला सांभाळता येत नाही?"

आईचा फोन — "सापडला का गं तुझा प्रोटॉन?" कानातलं हरवल्यासारखी विचारते.

रविवार, १७ मार्च
सर शीळ घालत आले. सर! "सापडलेत," म्हणाले. किती ते सांगेनात, कागद छातीशी धरून बसले. पाकीट साफ विसरले. सगळ्यांसमोर बायकोला फोन — "अगं, तू म्हणायचीस ना, म्हातारा होशील तरी..."

मी चहाच्या निमित्ताने सटकले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, सांगून टाकावं. पण नियम मोडला तर तेच मला फाडून खातील.

सोमवार, १८ मार्च
जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, "कुणाशी भांडलीस?" म्हटलं, प्रोटॉनशी.

बुधवार, २० मार्च
पाकीट फोडलं. सरांनी माझं अक्षर ओळखलं. यादी वाचत आपल्या कागदावरची एकेक नोंद लाल पेनाने खोडत गेले. पाचही पकडले होते पठ्ठ्याने! "छान बनवलेस," म्हणाले. मला रडूच आलं.

मग कागद माझ्यापुढे सरकवला. खाली एक ओळ उरली होती.

"आणि हा?"

तीनदा ताडून पाहिलं. हा मी टाकलेला नाही.