लाल गाडीचा पंप

६ मे ९४, शुक्रवार. केज.
धाकल्या मालकांची लाल गाडी सकाळी ढकलत गॅरेजवर आली. दोनच माणसांची, बिनछताची. त्यांच्या वडिलांनी हैदराबादहून आणलेली. तेव्हा ड्रायव्हर मीच. आता गॅरेज माझ्या मुलाचं, शिवाचं. मी नुसता बसून असतो.
गुरुवारी धाकल्यांचं लग्न. परण्याला, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीला, घोडा नको, याच गाडीतून मारुतीला जायचं म्हणतात. नव्या गाड्या आता कुणाकडेही आहेत, अशी नाही कुणाकडे.
चावी फिरवली. पेट्रोल-पंपाची टिकटिक नाही. शिवाने पंपावर पान्याने दोन टोले दिले, लागली टिकटिक. धाकले हसले. "हाण की मग बे! हाणल्यावर चालतंय ना?"
मी पाना उचलून आत ठेवला.

७ मे, शनिवार.
शिवाने पंप उघडला. आतले पॉइंट जळून काळे, पडदा चिरत आलेला. "मालक, बदलावाच लागंल. टोल्यावर न्हाई चालायचा." धाकल्यांनी ऐकलं नाही. पाहुणे आलेले, त्यांना फिरवायचं होतं. स्टँडसमोर बंद पडली. मागून एसटीचा हॉर्न, जीपवाल्यांच्या शिट्ट्या. कुणीतरी ओरडलं, "नवरदेवाला धक्का द्या रे!" पाहुणेही हसले.
ढकलत इथे आणली. धाकल्यांनी जॅकचा दांडा उचलला. पहिला फटका पाठीत. शिवा गुडघ्यावर आला. "मालक, सांगितलं व्हतं—" दुसरा डोक्यावर येत होता, त्याने डावा हात मध्ये घातला. हाडाचा आवाज मला इथवर आला. मी पाय धरले. लाथेने बाजूला सारलं. "म्हाताऱ्या, मधी पडू नको." समोरच्या हॉटेलातले लोक चहा घेऊन बाहेर आले आणि बघत राहिले.
गुरुवारी गाडी चालली नाही तर दुसरा हात मोडीन म्हणून गेले.

९ मे, सोमवार.
दोन बोटं मोडली. सरकारी दवाखान्यात पट्टी. डॉक्टरने विचारलं, कशाने? शिवा म्हणाला, गाडी जॅकवरून पडली. सुमन, माझी सून, पोलिसात चला म्हणते. कुठे जायचं? फौजदार धाकल्यांच्या पंगतीला बसणार.
शिवा दुपारी एका हाताने घण घेऊन ऐरणीवर मारत बसला होता. ऐरणीवर काही नव्हतं. घाम गळेपर्यंत मारत होता. मी थांब म्हणालो नाही. माझी झोप गेली.

१० मे, मंगळवार.
बीडला भंगारात जुन्या अँबॅसडरचा पंप मिळाला. दुपारी बसवला. त्याचा एक हात, माझे दोन. पेट्रोलच्या नळीचा शेवटचा नट मात्र मला लावू दिला नाही. "तुमी सरा, नाना." चावी दिली. टिकटिक, मग हळूहळू गप्प. म्हणजे पेट्रोल भरलं. बरोबर.
तो जेवायला गेला. मी सहज नटाला हात लावला. बोटाने फिरला. आज गळत नव्हतं, पण हादऱ्याने सुटला असता. बरोबर खाली सायलेन्सरचा पाईप. तापलेल्या पाईपावर पेट्रोल पडलं तर
एका हाताने लावलेला, म्हणून राहिला असेल. असेलच. मी आवळला. त्याला बोललो नाही.

१२ मे, गुरुवार.
परण्या. आयत्या वेळी धाकले म्हणाले, "नाना, तुमी चालवा. मला हुभं राहून हात करायचेत." नाही कसं म्हणणार? बसलो. पुढे बँड, गाडी मुंगीसारखी. चौकाचौकात नाच. फटाक्यांच्या माळा पार चाकाखाली. धाकल्यांनी पिस्तूल काढून वर बार केले, माझ्या कानाशी. नंतर बराच वेळ काही ऐकू येईना.
मारुतीच्या अलीकडे शिवा गर्दी फाडत आला. मधल्या ढोलवाल्याला ढकलून पाडलं. "नाना, उतरा! उतरा म्हणतो ना!" बॉनेट उघडलं. हात थेट त्या नटावर. नट घट्ट. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तोंड राखेसारखं.
"माझ्या परण्यात बॉनेट उघडतो बे?" धाकल्यांनी खाली उडी मारून छातीत लाथ घातली. मग त्यांच्या माणसांनी घेरला. फेट्यांच्या आड शिवा दिसेना, नुसते आवाज. बँड थांबला नाही. कुणीतरी बॉनेट आपटून बंद केलं, "चला, चला!" मी गिअर टाकला. मागे पोराला तुडवत होते आणि मी नवरदेव घेऊन पुढे गेलो. गाडी एकदाही बंद पडली नाही.

१३ मे, शुक्रवार.
बरगडी मोडली. थुंकीत रक्त. सुमन ओरडली, "तिथं कशाला गेलतात मरायला?"
"एका हाताचं काम. भरवसा न्हवता." माझ्याकडे न बघता बोलला.
खरंही असेल. बापाने आणखी काय धरून चालायचं?

१४ मे, शनिवार.
धाकल्यांचा माणूस सकाळी गाडी लावून गेला. उद्या नवराबायको कपिलधारला दर्शनाला जाणार. धाकले स्वतः चालवणार. "पंप एकदा बघून ठेवा म्हणलेत." मांडवात नवरी बघितली होती. कोवळी पोर. फटाका वाजला की दचकायची.
शिवाला उठायची मनाई. तरी भिंत धरत आला.
"नाना, घरी जा. ऊन लई हाय."
"बसतो हितंच."
"बसा."
वही मांडीवर घेऊन बसलोय. तो इंजिनावर वाकलाय, पाठ माझ्याकडे. पाना फिरतोय. आवळतोय की सोडवतोय, आवाजावरून कळत नाही.
म्हणालो, "शिवा, मला बघू दे."
"काय बघायचंय?"
"ती पोर बी बसणार हाय त्यात."
पाना थांबला. वळून बघत नाही. हात नटावरच आहे. मी उठतो आता