तिसरं भांडं

प्रिय छोट्या,

एक्केचाळीस वर्षांच्या, टक्कल पडायला लागलेल्या माणसाला छोट्या म्हणताना मलाच कसंसं होतं, पण तुझं वागणं त्या नावापुढे सरकेल तर ना! भांड्याचा तुझा सतरावा नकाशा आज मिळाला. हा अगदी शेवटचा, असं त्यावर लिहिलं आहेस. सोळाव्यावरही तेच लिहिलं होतंस. फोनवर तीनदा कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं की शनिवारच्या आत काय ते ठरव, त्यानंतर माझ्याच्याने ते भांडं होणार नाही. तू हसलास. शनिवार गेला आणि मंगळवारी हा नकाशा आला. अक्षर वेडंवाकडं दिसेल, मनावर घेऊ नकोस. आमचं स्वयंपाकघरातलं टेबल डुगडुगतं आणि तुझ्या भावोजींना त्याच्या पायाखाली पुठ्ठा सारायला मुहूर्त सापडत नाही.

मला एक सांग, त्या स्वर्ल पॉटमध्ये एवढं आहे तरी काय? दुधाच्या किटलीएवढं अॅल्युमिनियमचं भांडं. वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला पळतं, पंपाच्या तोंडी नुसती हवा येते आणि तुझी लाडकी गाडी उचकी देऊन बंद पडते. म्हणून टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये हे भांडं बसवायचं. छोटा पंप ते सतत भरत राहणार, मोठा पंप त्याच्या तळातून इंजिनाला पाजणार, उरलेलं पेट्रोल कडेने गरगरत परत येणार आणि त्यातली हवा वरच्या नळीतून टाकीत जाणार. चार नळ्या, संपलं. मी तीस वर्षं कारखान्यात दुधाच्या टाक्या जोडते आहे, त्यातल्या काहींच्या आत तू हात वर करून उभा राहशील. त्या टाक्यांनी मला कधी छळलं नाही, तुझ्या चार नळ्यांनी मात्र आठ महिने नाचवलंय.

पहिलं भांडं एक लिटरचं. अर्ध्या दुपारीत करून दिलं होतं, जोडाची रेघ अशी की बोट फिरवावं. तू महिनाभर ते शेल्फवर ठेवून बघत बसलास. मग कुणीतरी म्हणालं की दोन लिटरचं हवं, आणि झालं, तुझं तळ्यात-मळ्यात सुरू. तेवढ्यात एक नळी दोन बोटं खाली हवी म्हणून ते टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे परत पाठवलंस. आत किती पेट्रोल मावतं ते मोजून पाहिलं होतंस, आणि तळाशी चमचाभर तसंच ठेवून! वेल्डिंगचा टॉर्च पेटवायच्या आधी मी भांडं हुंगते ही माझी जुनी खोड, म्हणून आज हे पत्र लिहायला शिल्लक आहे. वेल्डिंगवालीच्या सख्ख्या भावाने हे करावं? त्या दिवशी मी तुला जे बोलले त्यातला एकही शब्द मागे घेणार नाही.

दुसरं दोन लिटरचं. त्याच्यासाठी डिकीचं माप तू घेतलंस ते स्टेपनी बाहेर काढून. भांडं बसलं, मग स्टेपनी बसेना. शहाण्या माणसाने कपाळावर हात मारला असता. तू मला फोन करून विचारलंस की स्टेपनी टपावर बांधली तर कशी दिसेल. मग नवीन घोळ, भांडं डिकीतच ठेवावं की पुढे इंजिनाशेजारी. अरे, इंजिनाच्या धगीशेजारी कुणी पेट्रोल साठवतं का? पण तुला कुठलीही गोष्ट धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

हे आजचं थोडंच आहे? शाळेचे बूट आठव. दुकानात दोन मापं होती, एक पायाला नीट बसणारं आणि एक पुढच्या वर्षीही चालेल असं. तासभर रडलास. शेवटी दुकानदाराची पाठ वळल्यावर डावा या जोडीतला आणि उजवा त्या जोडीतला असे खोक्यात भरलेस, आणि घरी येऊन सांगितलंस की आता दोन्ही फायदे मिळतील. आईने ते तसेच वर्षभर घालायला लावले. उजव्या बुटात रोज सकाळी कागद कोण कोंबायचं? मीच. आताही तेच चाललंय, फक्त कागदाच्या जागी अॅल्युमिनियम आलंय.

तरी खरं सांगायचं तर तुझ्यावर पूर्ण चिडता येत नाही, आणि त्याचीच मला जास्त चीड येते. मी वेल्डिंग शिकायचं म्हटलं तेव्हा घरात सगळ्यांनी तोंडं फिरवली होती. मुलीच्या जातीने ठिणग्यांत हात घालायचा का, वगैरे. मी पहिल्यांदा जोडलेलं लोखंडी स्टूल घरी आणलं तेव्हा आई ते बाहेर ठेव म्हणाली, इतकं ते ओबडधोबड होतं. तू तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. ते उचललंस आणि त्यावर बसून गृहपाठ करायला लागलास. चार पायांपैकी तीनच टेकायचे. तुझ्या आयुष्यात पटकन घेतलेला निर्णय मला तेवढा एकच आठवतो. ते स्टूल आजही तुझ्या गॅरेजमध्ये आहे. मी कितीदा म्हटलं, दे, पाय कापून सरळ करून देते. तू हात लावू देत नाहीस.

गाडीत बसवून मला पहिली फेरी मारायला नेलंस, तेव्हा गोदामाजवळच्या डाव्या वळणावर ती बंद पडली. मागे ट्रक भोंगा वाजवतोय, आणि मी नव्या चपला घालून गाडी ढकलतेय. तू आत स्टिअरिंग धरून माफी मागत होतास. तरी घरी येईपर्यंत आपण किती हसलो होतो! पुन्हा बसेन ती वळण पूर्ण होणार असेल तरच, असं तेव्हा मी म्हटलं होतं. ते मी विसरलेले नाही.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आमचं टेबल डुगडुगत नाही. माझा उजवा हात थरथरतो. सहा महिने झाले. दुसऱ्या भांड्याच्या वेळी मी थंडीवर ढकललं, पण डॉक्टर म्हणतात, हे वाढत जाणार, गोळ्यांनी फार तर सावकाश वाढेल. एक तारखेपासून मी कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसणार. टॉर्च शनिवारी शेवटचा खाली ठेवला. तुझ्या भावोजींशिवाय कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुला फोनवर सांगणं मला जमलं नसतं. त्या शनिवारी मी तुझ्या उत्तराची दुपारपर्यंत वाट पाहिली, मग माझं मीच ठरवलं. दीड लिटर. मागच्या वेळी आले होते तेव्हा डिकीचं माप मी स्टेपनी जागेवर ठेवून घेतलं होतं, तुला न सांगता. पहिलं भांडं अर्ध्या दुपारीत झालं होतं, याच्या नळ्यांना आणि मुद्दाम उंच ठेवलेल्या अंगाला आधीचे दोन दिवस लागले होते, आणि ते दीड लिटरला कापून तळ लावायला शनिवारची उरलेली सगळी दुपार. तळाची रेघ नागमोडी गेली आहे. हवा भरून तीनदा पाण्यात बुडवलं, एक बुडबुडा आला नाही. पत्रासोबतच्या खोक्यात ते आहे. बसव, टाकी अर्धीच भर, आणि मला त्या डाव्या वळणावर ने. आणि ती रेघ कुणाला घासून सरळ करू देऊ नकोस. ते स्टूल ठेवलंस ना, तसंच हेही राहू दे.

तुझीच,
ताई