समोरच्या खुर्चीची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा लोकांना हसवणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पत्नीला तो पटलेला नाही.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती बरीच आहेत. एका जागी बसून मरणाचा विचार करणे मला जमत नाही. दोन ओळी लिहिल्या की उठतो, खिडकी उघडतो, पुन्हा लावतो.

एक. राहते घर सामानासह पत्नीचे. ते तिनेच सांभाळले. मी दौऱ्यांमधून पाहुण्यासारखा येऊन जाऊन होतो. भिंतींवरचे माझे फोटो काढून टाकण्याची तिला मुभा आहे.

दोन. बँकेतील शिल्लक पत्नी व मुलगा यांना निम्मी निम्मी. यावरून भांडू नये, भांडण्याइतकी ती नाही.

तीन. मिशांचा डबा, टोप आणि मेकअपची पेटी माझ्या पहिल्या नाटक मंडळीस. मी तिथे पडदा ओढायचो. एकदा नोकराचे काम करणारा नट आला नाही, म्हणून माझ्या हातात ट्रे देऊन मला आत ढकलले. मी अडखळून पडलो, लोक हसले, आणि मला इंजिनिअर करायचे वडिलांचे स्वप्नही तिथेच आडवे झाले.

चार. मी लिहिलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत त्या समीक्षकास, ज्याने माझे लेखन पोरकट ठरवले. त्याने न वाचताच लिहिले होते. आता सवड काढावी.

पाच. हे मुद्द्याचे, आणि सगळी उठबस याच्यासाठीच. टीव्हीवरचा आमचा दर आठवड्याचा कार्यक्रम दोन खुर्च्यांचा आहे. एकीवर मी, समोर मख्ख. हे नाव त्याला प्रेक्षकांनीच दिले. मी बडबडतो, तो चेहऱ्यावरची रेष न हलवता "मग?" विचारतो. लोकांना वाटते, करामत माझी. मध्यंतरी तो आजारी पडला, तेव्हा निर्मात्याने त्याच्या जागी एक हसतमुख नट बसवला. माणूस भला, पण माझे वाक्य संपायच्या आत खो खो हसायचा. प्रेक्षकांना हसायला काही उरेचना. मला घाम फुटला. निर्माता म्हणाला, लोकांची आवड बदलली. आवड कसली बदलते? समोरचा बदलला होता.

माझ्यानंतर कार्यक्रम मुलगा चालवील. तो माझ्याहून चलाख आहे. पण परवा जेवताना मख्खविषयी म्हणाला, "बाबा, काकांना आता मानाने निरोप देऊ या." मानाने निरोप म्हणजे पुष्पगुच्छ देऊन दार दाखवणे, हे मी या धंद्यात पुष्कळदा पाहिले आहे. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मख्ख एकटा माणूस आहे. कार्यक्रम गेला तर त्याला घराबाहेर पडायला निमित्त उरणार नाही.

सबब, कार्यक्रमाचे सर्व हक्क मुलास, परंतु मख्ख हयात असेपर्यंत समोरची खुर्ची त्याचीच राहील. ही अट मोडल्यास हक्क पत्नीकडे जातील व ती कार्यक्रम बंद करील. तिला विचारले आहे. ती आनंदाने हो म्हणाली.

वरील कलम आज सर्वांना वाचून दाखवले. मुलगा मान खाली घालून बसला. मला वाटले, मख्ख निदान मान तरी डोलावेल. तो म्हणाला, "पोराला बांधून ठेवू नकोस. त्याच्यासमोर बसणं मला जमायचं नाही."

मी चिडलो. म्हटले, इतकी वर्षे नुसता तोंड पाडून बसायचास, त्यात न जमण्यासारखे काय आहे?

"मला हसू यायचं रे," तो म्हणाला. "दर वेळी. गाल आतून चावून धरायचो. पोराचं ऐकताना चावावं लागत नाही."

मी उठलो, खिडकीपर्यंत गेलो, परत आलो.

कलम पाचमधील अट मी स्वहस्ते खोडत आहे. समोर कोणाला बसवायचे ते मुलाने आपले आपण शोधावे. खोडताना रेघ वाकडी गेली, म्हणून मजकुराविषयी संशय घेऊ नये. उद्या रेकॉर्डिंग आहे. यापुढे मी मख्खच्या गालाकडे बघत बोलणार आहे, आणि जमेल तितके दिवस मरण्याचे टाळणार आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: रेकॉर्डिंगचा आदला दिवस.
सही: लिहून ठेवणारा.

आमच्या समक्ष सही झाली. साक्षीदार:
१. घरचे वकील.
२. मख्ख, समोर बसून.