माळ्यावरच्या फळ्या

दुर्गाघाट, काशी
दसऱ्यानंतरचा दिवस, १९९९

प्रिय प्रल्हाददादा,

आज भरतमिलाप. कारखान्यातला विष्णु राम-भरताची भेट बघायला दुपारीच नाटी इमलीला निघून गेला, गल्लीतली दुकानंही बंद झाली, म्हणून कारखान्यात बसून निवांत लिहिते आहे. आईचे गुडघे तसेच आहेत. घाटाच्या पायऱ्या आता तिला उतरवत नाहीत, गच्चीवरूनच गंगेला नमस्कार करते. बाकी सगळे ठीक आहेत.

सकाळ नेहमीसारखीच सुरू झाली. कोलकात्याच्या एका बाईंची गिटार चालली आहे, मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची, आपली अण्णांच्या घडणीची. बाईंचे हात लहान, म्हणून मान अरुंद हवी. मी गरम नळीवर बाजूच्या पट्ट्या वाकवत होते, विष्णु सरस तापवत होता, तेवढ्यात पाटण्याचे एक वादक बगलेत गिटारीची पेटी घेऊन आले. म्हणाले, "दीदी, इसकी आवाज़ बैठ गई है." मी पाठीवर बोटाने टकटक केलं तर आतली एक पट्टी सुटल्याचं लगेच कळलं. कुठे घेतलीत म्हणून विचारलं तर म्हणाले, पुण्याला. दुकानाच्या मालकाने त्यांना सांगितलं होतं की आमच्याकडे बनारसचा एक मराठी कारीगर आहे, नोकरी मागायला आला तेव्हा हीच गिटार घेऊन आला होता, ती वाजवून पाहिली आणि त्याला तिथल्या तिथे ठेवून घेतला. मला इतका आनंद झाला, दादा. मी विष्णुला म्हटलं, बघ, माझ्या भावाच्या हातची आहे. त्यांना चहा पाजला, उद्या घेऊन जा असं मी म्हटलं, आणि कोलकात्याचं काम बाजूला सारून तुझी गिटार पुढ्यात घेतली.

सांध्यात गरम सुरी घालून पाठ सोडवायला बराच वेळ लागला. जोड तू फार स्वच्छ केले आहेस. उघडताना मला वाईट वाटत होतं, चांगलं काम मोडताना वाटतं तसं. पाठ उलटी केली. सुटलेली पट्टी अलगद हातात आली आणि तिच्याखाली शिसवीचं एक लहानसं ठिगळ दिसलं, पानाच्या आकाराचं, एका टोकाला वाकडं झालेलं.

ते मी बसवलेलं होतं. राजा घाटाजवळच्या एका जुन्या घराच्या तुळया निघाल्या तेव्हा अण्णांनी त्यातून तून लाकडाच्या फळ्या चिरून आणल्या होत्या. एका फळीत खिळ्याचं भोक होतं. मी शाळेत होते. अण्णांनी माझ्या हातात पटाशी दिली आणि म्हणाले, हे तू बुजव. पहिलंच काम, ते वाकडं झालं. मी रडले, काढून पुन्हा करते म्हणाले, तर त्यांनी काढू दिलं नाही. मग त्या फळ्या माळ्यावर चढल्या. कुणी कितीही मोठा गवई-बजवय्या आला तरी अण्णा त्यांना हात लावू देत नसत. आमच्या शेवटच्या वाद्याचं लाकूड आहे म्हणायचे. त्यांची राखण माझ्याकडे होती. दर महिन्याला वर चढून कडुनिंबाचा धूर द्यायचा, फळ्या उलटायच्या.

मी इंदूआत्याकडे लग्नाला ग्वाल्हेरला गेले आणि परत आले तर माळा रिकामा होता. तू मला दारातच सांगितलंस की वाळवी लागली होती, हात लावताच भुसा पडला, सगळं गंगेत सोडून आलो. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालास, होतं असं कधीकधी, तू मनाला लावून घेऊ नकोस. अण्णा मला ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बकुळ, तुझ्यावर सोडलं होतं." त्यानंतर त्यांनी मला लाकूड निवडायला कधी नेलं नाही. गिऱ्हाइकांना सांगायचे, ही आमची मुलगी, तारा छान चढवते. ते असेपर्यंत मी तारा चढवल्या, पॉलिश केलं, आणि रात्रंदिवस मनात एकच चाललेलं असे की धूर द्यायला आपण नेमकं कधी चुकलो. तू महिनाभरात पुण्याला निघून गेलास. स्टेशनवर मी तुला लाडू दिले होते. तू ते घेतलेस.

आज पाठ तशीच घेऊन मी घरी गेले. आई ओट्याशी पिठलं करत होती. मी ठिगळ तिच्यासमोर धरलं आणि म्हटलं, आई, हे प्रल्हादच्या गिटारीतून निघालं. तिने विचारायला हवं होतं की हे काय आहे. तिने गॅस बंद केला आणि म्हणाली, "मला ठाऊक होतं." तूच पहाटे फळ्या पोत्यात गुंडाळून नावेत चढवल्यास हे तिने गच्चीवरून पाहिलं होतं, आणि पलीकडे रामनगरला कुणाकडे तरी ठेवल्यास हे तिला नंतर कळलं होतं. मी म्हटलं, मग अण्णांना का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "त्यांनी त्याला जाऊच दिलं नसतं. तू इथेच होतीस, तुला नंतर समजावू असं वाटलं. मग ते राहूनच गेलं." दादा, मी तिच्यावर चिडूही शकले नाही. तिने मला पान वाढलं, मी जेवले नाही, आणि पाठ काखेत धरून परत इथे आले.

गिटार दुरुस्त केली आहे. पट्टी नव्याने बसवली, पाठ चिकटवली, शिकंज्यात आवळून ठेवली आहे. ती पाटण्याच्या माणसाची आहे, त्याचा काय दोष. पाठ लावण्याआधी फळी कानाशी धरून वाजवून पाहिली. अण्णा म्हणायचे तसाच नाद आहे तिचा, लांब आणि गोड. त्यांना तो ऐकायला मिळाला नाही. लाकूड घेतलंस ते मी एक वेळ विसरेन. तुला जायचं होतं, हातात दाखवायला काहीतरी हवं होतं, मला कळतं. पण अण्णा अंथरुणाला खिळले तेव्हा तू आला होतास. त्यांच्या उशाशी तीन रात्री बसलास. मी तिथेच होते. तेव्हा त्यांच्या कानात एक वाक्य बोलला असतास तरी चाललं असतं.

गेल्या महिन्यात तू फोनवर म्हणालास की पुण्याचं दुकान बंद होतंय, परत येऊन तुझ्याबरोबर बसू का. मी विचार करून कळवते म्हणाले होते. खरं तर विचार तेव्हाच झाला होता. खिडकीजवळची अण्णांची जागा मी तुझ्यासाठी मोकळी केली होती, विष्णुकडून पाटही रंधून घेतला होता. आज दुपारी मी माझी हत्यारं त्या जागेवर मांडली. दिवाळीला घरी ये, आई वाट बघते आहे, तुझं अंथरूण घातलेलं असेल. मी तुला वाढीन, ओवाळीन. पण कारखान्यात येऊ नकोस. इथे तुझ्यासाठी जागा नाही, हे फोनवर मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहिलं.

बहीण आहे म्हणून अजून तुझीच,
बकुळ