मेहुण्याला पाजायचं कॉकटेल

३ मार्च, सोमवार
लाइट बिल भरलं. दुपारी वरण-भात केला. वरणात मीठ राहिलं.

संध्याकाळी वीरधवलचा फोन. हिचा धाकटा भाऊ. विट्याचा, कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान आहे. तेवीस तारखेला, रविवारी, दुखवटा काढायला येतो म्हणाला. मला टोपी-टॉवेल घालणार, मटणाचं जेवण होणार, की घराचा दुखवटा संपला. मग म्हणाला, "दाजी, बॅग भरून ठिवा. जाताना तुमाला संगट घिऊनच जाणार. घराला कुलूप."
मी "बघू" म्हणालो. फोन ठेवल्यावर "मुळीच नाही" म्हणालो. चांगलं मोठ्याने.

ही जानेवारीत गेली. तेराव्याला भर मांडवात वीरधवल म्हणाला होता, "दाजींना लिंबाचं सरबत करायला सांगा, लिंबू कुठल्या अंगानं कापायचं इचारतील. आक्का हुती म्हणून निभावलं." लोक हसले. तेराव्याला हसले. मीही थोडा हसलो, ते चुकलं.

मी बोलत नाही. पण विसरतही नाही.

४ मार्च
योजना ठरली. वीरधवल जेवणाआधी दोन पेग घेतो आणि कोइमतूरच्या कुठल्यातरी हॉटेलातल्या फळांच्या व्होडका कॉकटेलचं कौतुक सांगत बसतो. "तुमच्या सांगलीत कुठलं आलंय तसलं!" तेच कॉकटेल मी घरी, माझ्या हाताने करून त्याच्यापुढे ठेवणार. तो पिणार आणि गप्प होणार. मी काही बोलणार नाही. मग घराला कुलूप लावून मला कोण नेतो ते बघू.

पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं. कृष्णेचा विसर्ग मोजला आहे. एक पेग मोजायला काय लागतं? यूट्यूबवर एक मुलगी हसत हसत करते. मी न हसता करेन.

६ मार्च
व्होडका आणली. सांगलीत ओळखीचे फार, म्हणून मिरजेला गेलो. हेल्मेट काढलं नाही. दुकानदाराने कुठली पाहिजे विचारलं. हे यूट्यूबवर नव्हतं. "चांगली" म्हणालो.

बाहेर पडताना मागून "नमस्कार साहेब." आमच्या ऑफिसचा जुना शिपाई आकाराम. हेल्मेटमध्ये कसं ओळखलं, तर चालण्यावरून. म्हणाला, "वैनींचं कळलं. लय वाईट झालं." मग पिशवीकडे बघून म्हणाला, "सांभाळा, साहेब." आता सगळं खातं म्हणणार की साहेब बाटलीला लागले.
हेही वीरधवलमुळेच.

८ मार्च, शनिवार
पहिला प्रयोग. मेढ्याच्या बहिणीने एसटीतून स्ट्रॉबेरीचा बॉक्स पाठवला आहे. मी काही खात नाही असं तिला वाटतं. स्ट्रॉबेरी, साखर, व्होडका मिक्सरमध्ये घातली. झाकणावर हात दाबून धरायचा असतो हे ती मुलगी बोलत नाही, नुसता धरते.

आढ्याला, पंख्याला, कॅलेंडरला. हिच्या फोटोलाही. तो आधी पुसला.
शेजारच्या हरणाबाई आवाज ऐकून आल्या. "आवं बाळासो, काय कापलं घरात?"
ज्यूस केला म्हणालो.
"आढ्याला पाजला व्हय?"
घराला रंग द्यायचाच होता.

१२ मार्च
दुसरा प्रयोग. तासगावची द्राक्षं. झाकण घट्ट धरलं, रस उत्तम निघाला. मग रस, व्होडका, सोडा स्टीलच्या डब्यात घालून जोरात हलवायचं. हलवलं. झाकण ट्यूबलाइटला लागलं. सोडा हलवल्यानंतर घालायचा असावा.

डब्यात उरलेलं परीक्षणासाठी घेतलं. चव ठीक. बाकीचे निष्कर्ष लिहायचे होते, पण खुर्चीतच झोप लागली. जाग आली तर दारात हरणाबाई आणि त्यांच्यामागे दूधवाला. मी जिवंत आहे का ते बघत होते.

दारू चढली नव्हती. उन्हाचा त्रास.

१५ मार्च
पद्धत बदलली. मिक्सर नको, हलवणं नको. फळं व्होडकात भिजत घालायची आणि मुरू द्यायची. यूट्यूबवर काचेची बरणी दाखवतात. आपल्याकडे चिनी मातीची आहे, हिची लोणच्याची. लोणचं फेब्रुवारीतच संपलं. बरणी मात्र तशीच ठेवली होती. का ते लक्षात नाही. तळाला मसाला चिकटला होता, तो हाताने काढून दोनदा पाणी फिरवलं. पुरे.

तासगावची द्राक्षं, आटपाडीचं डाळिंब, संत्र्याच्या फोडी. उरलेली व्होडका सगळी ओतली. तोंडाला कापड बांधलं. ही बांधायची तशीच गाठ बसली. पाहून पाहून येतं माणसाला.

वीरधवल, आता तू आहेस आणि ही बरणी.

१९ मार्च
तो पहिला घोट घेईल तेव्हा काय म्हणायचं, यावर विचार केला.
"घरचंच आहे." साधं वाटतं.
"लिंबू कुठल्या अंगानं कापलंय, ओळख." चांगलं आहे, पण यात लिंबू नाही.
शेवटी "बर्फ हवा का?" एवढंच ठरवलं. शांतपणे, त्याच्याकडे न बघता. आरशासमोर म्हणून पाहिलं. हसू लवकर येतं. सराव पाहिजे.

हरणाबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, "बाळासो, कुणाला इचारताय बर्फ?"

२२ मार्च
बरणी उघडली नाही. मुरताना उघडू नये, ही नेहमी ओरडायची. मटणाची ऑर्डर खानावळीत दिली. ग्लास पुसले. बॅग कपाटावर टाकून तिला कुलूप लावलं, म्हणजे कुणी परस्पर भरायला नको. किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही. उत्तमच.

आज शांत झोप लागेल.

२४ मार्च, सोमवार
काल लिहायला जमलं नाही. झालं ते असं.

दुपारी वीरधवल, त्याची बायको पल्लवी आणि हिचे मामा गुंडामामा आले. मला पाटावर बसवून टोपी-टॉवेल घातला. टोपी कानावर येत होती. पल्लवी आत ताटं मांडायला गेली आणि आम्ही तिघे गच्चीवर गेलो. मी बरणी नेली.

कापड सोडलं आणि वास आला. मेथी, हिंग, मोहरी. ग्लासात ओतलं तर हळदीचं पिवळंधमक. वर डाळिंबाचे दाणे आणि तेलाचे थेंब. ते परत नेता येईना, वीरधवलने ग्लास उचलला होता.

त्याने घोट घेतला आणि गप्प झाला. माझ्या योजनेत होता तसाच. मी "बर्फ" म्हणालो, पुढचं येईना.
गुंडामामाने तोंड वाकडं केलं. "ह्यात लोणचं पडलंय का रं?"
"गप पी मामा," वीरधवल म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "दाजी, ही आक्काची बरणी न्हवं?"
मी हो म्हणालो.
"आक्का कोइमतूरला दर साली लोणचं धाडायची. औंदाचं आमचं दिवाळीलाच संपलं. मी म्हणलं, आता कुठलं मिळतंय."

त्याने दुसरा ग्लास घेतला, तिसरा घेतला. मामाचाही घेतला. बोटांनी द्राक्षं काढून एकेक चोखली. माझ्या नव्या टॉवेलने तोंड पुसलं, मग डोळे पुसले, मग पुन्हा तोंड.

मी एवढंच विचारलं, "बर्फ हवा का?"
"नगं. चव मरंल." मग म्हणाला, "दाजी, मला वाटलं हुतं तुमी तिच्याबिगर काय करणार. तुमी तर तिची चव राखून ठिवलीया. ऱ्हावा हितंच. न्हाई नेत तुमाला."

म्हणजे मी जिंकलो. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, मामासमोर.

निघताना गाडीत बसला आणि परत उतरून आला. "दाजी, ही बरणी न्हिऊ का? वास हाय अजून."
मला "नको" म्हणायचं होतं. मी "बघू" म्हणालो. त्याला ते "ने" वाटलं. पल्लवीने ती साडीच्या पदरात गुंडाळून मांडीवर घेतली. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत होतो.

रात्री वरणाबरोबर तोंडाला लावायला काही नव्हतं. फडताळात बरणीच्या जागी नाक घालून पाहिलं. नुसता वर्तमानपत्राचा वास.

मेहुण्याला पाजायचं ठरवलं होतं, पाजलं. तो गप्प झाला, न्यायचा विषय मिटला. सूड पूर्ण झाला असं धरायला हरकत नाही.

पहाटे पाणी आलं. उठून हंडे भरले.