यिप्स म्हणायचं नाही

१२ जून

आला! एमेट नाव. नेब्रास्काचा, बावीस वर्षांचा, दारातून वाकून यावं लागतं एवढा उंच. बेसबॉलचा मोसम संपेपर्यंत टीमनं माझ्याकडे राहायला दिलाय. बसस्टँडवरून मीच घेऊन आले — माझ्या नेहमीच्या वाटेनं, तीनदा उजवीकडे वळून. दहा मिनिटं जास्त लागतात, लागू देत. एकच चर्च आधी पुढून, मग मागून दिसलं, तरी पोरानं काही विचारलं नाही. गुणाचा वाटतो.

१९ जून

मॅचला गेले होते. एमेट कॅचर आहे — बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसायचं, पिचरनं टाकलेला चेंडू झेलायचा आणि त्याला परत द्यायचा. लांबच्या बेसवर फेकायचा झाला तर काय हात चालतो त्याचा! पण पिचरला नुसता अलगद परत द्यायचा, तर — एकदा डोक्यावरून गेला, एकदा पायाशी लोळला. मग चक्क चालत जाऊन हातात देऊन आला. तीन वेळा! लोक हसले.

मागच्या बाकावरचा म्हातारा "यिप्स" असं पुटपुटला आणि लगेच त्यानं तोंडावर हात ठेवला. चर्चमध्ये शिवी निसटावी तसा.

काय असतं हे?

२० जून

डिक्शनरीत दीड ओळ. सवयीचं, सोपं काम अचानक हातून न होणं. बस! का होतं? कुणाला होतं? जातं का? — काही नाही. शब्द कुत्र्याच्या पिल्लाच्या भुंकण्यासारखा आणि सगळे त्याला वाघासारखे भितात. दिवसभर डोक्यात तेच. बीन्स करपल्या.

२४ जून

माती खाल्ली मी.

एमेटनं आज ओस्वाल्दोला जेवायला आणलं होतं. हाच तो पिचर, ज्याच्या डोक्यावरून चेंडू जातात. कॉर्नब्रेड फस्त झाला, गोड म्हणून केलेला पीच पाय कापायला घेतला आणि मी सहज विचारलं, "एमेट, हे यिप्स म्हणजे नेमकं काय रे?"

एमेट उठून अंगणात गेला. पीच पायला हातसुद्धा लावला नाही.

ओस्वाल्दो हळूच म्हणाला, "मिस व्हर्ना, तो शब्द आम्ही म्हणत नाही. ज्याला झालंय त्याच्यासमोर तर नाहीच नाही."

"का?"

"त्याला आठवतं."

"म्हणजे? तो विसरलाय का?"

बिचाऱ्याला हसू आलं. मग सांगितलं — मॅनेजरनं एमेटला पंधरा जुलैपर्यंत मुदत दिलीय. नाही जमलं तर टीममधून बाहेर. लहानपणापासून दुसरं काही केलेलं नाही त्यानं.

३० जून

माफी मागायची हिंमत झाली नाही. अंगणात मात्र दोघांची गंमत बघितली. एमेट फेकायच्या बेतात आला की ओस्वाल्दो विचारतो, "तुझ्या आईच्या कोंबड्या किती?" एमेट कोंबड्या मोजायला लागतो आणि चेंडू बरोब्बर ओस्वाल्दोच्या हातात! म्हणजे हात शाबूत आहे, लक्ष दिलं की बिघडतो. मोठं अजब आहे हे.

पण मैदानात कोंबड्या कोण विचारणार?

६ जुलै

आज गाडीत धीर करून म्हटलं, "त्या दिवशी चुकलंच माझं. मला फक्त जाणून घ्यायचं होतं."

"मलाही तुम्हाला विचारायचं होतं," एमेट म्हणाला. "पण तशी पद्धत नाही."

"मला? काय?"

"तुम्ही डावीकडे वळत नाही, मिस व्हर्ना."

गाडी चर्चमागे थांबवली. राग आला, भयंकर राग! चाळीस वर्षं शाळेची बस चालवलीय मी. अपघात नाही, काही नाही. माझा नवरा हॉइट गेला त्या वर्षी एकदा हायवेच्या चौकात उभी होते. आपण रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालणार, तेव्हा डावीकडे वळायचं म्हणजे समोरून येणारे ट्रक जाऊ द्यायचे, मग वळायचं — हजारदा केलेलं. ट्रक गेले. पाय ब्रेकवरून उठेना. मागे हॉर्नवर हॉर्न. शेवटी सरळ निघाले. तेव्हापासून सरळच जाते आणि पुढून तीनदा उजवीकडे वळून फिरून येते. कुणाला सांगितलं नाही. ह्या वहीलासुद्धा नाही.

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच दिवशी."

तीन आठवडे पोरगा गप्प राहिला! आणि मी भर जेवणात त्याला —. खूप लाज वाटली. आणि खोटं कशाला लिहू, हलकंही वाटलं.

१५ जुलै

चार चेंडू ओस्वाल्दोच्या डोक्यावरून गेले. मॅच संपल्यावर मॅनेजरनं आत बोलावलं. दहा मिनिटांत एमेट बॅग घेऊन बाहेर आला. मी रडले, तो नाही.

१६ जुलै

एमेटला बसस्टँडवर सोडून आले. वाटेत त्यानं पीच पायचं काढलं. लोणी किती गार हवं? पिठात कसं चोळायचं? पीच आधी शिजवायचे का? मी सांगत होते, तो खोदून खोदून विचारत होता. पोहोचलो तर दहा मिनिटं लवकर! चर्च आज दिसलंच नव्हतं, ना पुढून ना मागून. मी एमेटकडे बघितलं. तो डिकीतून बॅग काढत होता. त्यानं एक शब्द काढला नाही.