मोहाखालची जागा

बाबा, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हाही मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. हॉस्टेलवरून फोन करायचे तो आईला, आणि तुम्ही तिच्या बाजूला उभे राहून ऐकायचात. आज एका गावाहून परत आले, ब्रह्मपुरीच्या घरी आईच्या हातचा भात खाल्ला, आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. मी हल्ली सोलरचं काम करते. जंगलातल्या गावांत दर पावसाळ्यात तारांवर झाडं पडतात, मग महिना महिना लाइट नसते. तारा नीट टिकवायच्या तर दोन्ही बाजूंची झाडं तोडत जावी लागतात. त्यापेक्षा गावापुरती वीज गावातच उन्हावर करायची, असं ते काम आहे. बाबांना हे काम आवडलं असतं, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मला ते माहीत नाही.

मी सातवीत होते. आई चुलीपुढे बसलेली, ओल्या लाकडाचा धूर खोलीभर. तुम्ही पाय धुऊन आलात, खाकी शर्ट खुंटीला लावलात आणि तिच्याजवळ बसून लसूण सोलायला घेतलात. लसूण तुम्ही फक्त काहीतरी बिनसलं असेल तेव्हाच सोलायचात, हे तिला ठाऊक होतं.

"बदली झाली," तुम्ही म्हणालात.

"कुठी?"

तुम्ही एटापल्लीच्याही पलीकडच्या एका गावाचं नाव सांगितलंत. आईनं चुलीवरच्या भाताच्या गंजावर झाकण ठेवलं. "तिथी लाइट हाय का?"

"नाई."

कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं. सागाची काही झाडं वादळात पडली, अशा पंचनाम्यावर तुमच्या साहेबांना फॉरेस्ट गार्ड म्हणून तुमची सही हवी होती आणि तुम्ही ती केली नव्हती. मी तुम्हाला विचारलं, "काऊन नाई केली? एक सई तं होती." तुम्ही रागावला नाहीत. "झाडं उभी होती ना माय. उभ्या झाडाले पडलेलं कसं लिहू?" मला ते उत्तर पुरलं नाही. पुढची चार वर्षं मी कंदिलाशेजारी अभ्यास केला आणि रोज संध्याकाळी त्याची काजळी पुसताना मनात तुम्हालाच दोष दिला. वर्गातल्या बाकीच्यांकडेही कंदीलच होता, पण त्यांना लाइट असलेलं घर सोडून यावं लागलं नव्हतं.

तुम्ही रागावल्याचं मला एकदाच आठवतं. गावाखालच्या नाल्याच्या डोहात आम्ही पोरींनी ब्लीचिंग पावडर टाकली आणि ओढणीत मासे भरून घरी आणले. तुम्ही ते बघितलेत आणि माझा हात धरून मला डोहावर नेलंत. पाण्यावर बोटाएवढी, नखाएवढी पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगताहेत. "खायले किती लागले तुले? आन् मेले किती, मोज." मी मोजायला लागले, रडायला लागले, आणि तुम्ही मला थांबवलं नाहीत. घरी आल्यावर मला वाटलं तुम्ही ते मासे फेकून द्याल. तुम्ही ते मासे दहादा धुवून घेतलेत, आईला रांधायला लावलेत आणि माझ्या शेजारी बसून जेवलात. "मेलेलं वाया नाई घालवाव," एवढंच म्हणालात. त्या दिवशी माशाचा काटा तुम्ही मला काढून दिला होता. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, मला स्वतःला काढता येत होता.

चंद्रपूरला पॉलिटेक्निकला निघाले तेव्हा तुम्ही वडसाच्या बाजारातून माझ्यासाठी टेस्टर आणलात. वीज आहे की नाही ते बघायचा पेचकस, दांड्यात छोटा लाल दिवा. आपल्या घरात एक तारही नव्हती. तुम्ही तो खिशातून काढलात, दोन-तीनदा उलटा-सुलटा केलात आणि म्हणालात, "चालते का नाई, तूच पाहाजो तिकडं." आई हसली, मीही हसले. तुम्ही लाजलात.

आता मुख्य गोष्ट. गेल्याच्या गेल्या वर्षी धानोऱ्याच्या बाजूचं एक गाव माझ्याकडे आलं. साठेक घरं. शाळा, धान कांडायची बंद पडलेली गिरणी, आणि लस ठेवायला फ्रीज नाही म्हणून नर्सबाई डबा घेऊन सात किलोमीटर चालत येणार. मंजुरी त्याच वर्षात वापरायची होती. नाल्याकाठी सपाट जागा सापडली, ऊन उत्तम, फक्त तिथं मोहाची पाच झाडं होती. मी विचार केला: पाच झाडं, साठ घरं. अर्जात 'जागेवरील झाडे' असा रकाना होता. झाडं दाखवली असती तर परवानग्यांत वर्ष गेलं असतं. मी त्यात 'निरंक' लिहिलं आणि खाली सही केली. सही करताना तुमची आठवण आली नाही, बाबा. आली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. पण आली नाही हे खरं.

आखणीला गेलो तेव्हा चैत्र होता, सकाळची वेळ. माणसं चुन्याच्या रेषा मारत होती आणि सगळ्यात मोठ्या मोहाखाली एक म्हातारी टोपल्यात फुलं वेचत बसली होती. रेष तिच्यापाशी आली तरी ती उठली नाही. ती सगळ्यांना तू म्हणते, मलाही म्हणाली.

"काय आखून राह्यली बाई?"

"लाइटीचं आहे, आजी. सोलर बसणार इथं."

"लाइट तं पायजे आमाले. पण इथीच काऊन?"

"ऊन चांगलं पडतं."

तिनं वर बघितलं. मोहाची फुलं टपटप पडतच होती. "तुह्या कागदात हे झाडं हायेत का?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "नाहीत."

ती हसली. त्या हसण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच गंमत वाटली होती. "मंग मी कोणाच्या सावलीत बसली?"

दुपारी ग्रामसभा बसली. मी उभं राहून सांगितलं की मी कागदावर चुकीचं लिहिलं आहे, आणि ते दुरुस्त केलं तर या वर्षी लाइट येणार नाही. मग एक म्हातारे बाबा म्हणाले, "मले तं लवकर पायजे होती. डोळ्यानं दिसत नाई आता. पण झाडं नोका तोडू." मोहाच्या झाडांवर तिथं घराघराचा हक्क असतो, त्यातलं एकही झाड त्यांचं नव्हतं.

मी ऑफिसात जाऊन लेखी दिलं. नोटीस मिळाली, मंजुरी गेली, माझी बढती राहिली. तुमच्या मानानं हे काहीच नाही, माझ्या घरात डोक्यावर पंखा फिरत होता. पुढच्या वर्षी आम्ही नव्यानं आराखडा केला: थोडे पॅनल शाळेच्या छतावर, थोडे ग्रामसभेच्या गोदामावर, बाकीचे गिरणीमागच्या उजाड बरडावर. खर्च वाढला, वायर जास्त लागली. नाल्यावर पंप बसवला, पण उन्हाळ्यात डोहातलं पाणी एका खडकाखाली उतरलं की पंप बंद, असं बायांनी ठरवून घेतलं. मी म्हटलं, भाजीपाला वाळेल. त्या म्हणाल्या, वाळू दे, मासोळ्या कुठी जातीन?

परवा गिरणी सुरू झाली. पहिलं पोतं त्या आजीचं होतं. तिनं तांदूळ हातात घेऊन फुंकला, कोंडा माझ्या तोंडावर उडाला, आणि सगळ्या बाया हसल्या. नर्सबाईंनी फ्रीजमध्ये लशी ठेवल्या आणि दोनदा दार उघडून बघितलं. ते म्हातारे बाबा मात्र पावसाळ्यातच गेले. त्यांच्या घरात दिवा लागला तेव्हा त्यांच्या सुनेनं मला चहा दिला. मी घाई केली असती तर त्यांना तो दिवा दिसला असता. हे मला पुसता येत नाही, आणि तुम्हालाही असं काही लागून राहिलं होतं का, हे विचारायला आता उशीर झाला आहे.

तिकडे लोक मला म्हणतात, बाई प्रामाणिक आहे, चूक स्वतःहून कबूल केली. आईलाही कोणीतरी सांगितलं. जेवताना ती म्हणाली, "बापावर गेली." मी आणखी भात वाढून घेतला. हे पत्र मी कुठं पाठवणार आहे? पण तुम्हाला तरी खरं सांगते. ती आजी त्या सकाळी मोहाखाली बसलेली नसती, तर मी ती झाडं पाडली असती.